एका सहीनं काय हुतंय?

आज आमची ग्रामसभा तहकूब झाली. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं लागतात, यातला जो आकडा कमी असेल तो. रजिस्टरवर सह्या भरल्या ४१. ग्रामसेवकांनी अर्धा तास वाट बघितली आणि पेनाला टोपण लावलं.

बाहेर आलो तर समोरच्या चहाच्या गाड्यावर वीस-पंचवीस जण. नाना आमदारापासून दिल्लीपर्यंत सगळ्यांची सालटी काढत होते. राग खरा होता. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा नानांच्या घरात छातीएवढं पाणी होतं. भिंतीवर तो पट्टा अजून दिसतो.

"नाना, हेच आत येऊन बोला की. पुराचाच विषय होता आज."

"आमच्या एका सहीनं काय हुतंय रं?" म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

दिवसभर ते डोक्यातून जाईना. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पुढच्या वेळी दहा जण बसले तरी ठराव होणार, आणि तो अख्ख्या गावाचा म्हणून वर जाणार.

नेत्यांना बोलू नका, असं मी कधीच म्हणणार नाही. ज्याचं घर बुडालं त्यानं नाही बोलायचं तर कुणी? पण त्याच पुरात हेच नाना चार दिवस होडीतून भाकरी वाटत होते. तेव्हा नाही विचारलं त्यांनी, माझ्या एका होडीनं काय हुतंय म्हणून.

पुढच्या सभेला त्यांना घरातूनच घेऊन जाणार आहे. तुमच्या गावात किती सह्या होतात?