आमची वाटचाल: शिकारपूरचा पापड उल्हासनगरात

आमच्या पापडाचं मूळ सिंधमधल्या शिकारपूरचं. फाळणीनंतर आजोबा कराचीहून बोटीने मुंबईला उतरले आणि निर्वासितांसोबत कल्याणजवळच्या लष्करी बराकीत आले. १९४९ साली या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं. जुनी माणसं आजही पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर' सांगतात. सिंधी घरात पाहुण्याला पाण्याबरोबर पापड देतात, त्यामुळे पहिली गिऱ्हाइकं बराकीतलीच होती.

आजोबांना पापड येत होता, पण तो कोरड्या हवेचा. इथे खाडी जवळ, हवा दमट. तिकडच्या मापाने मळलेला पापड संध्याकाळपर्यंत मऊच राही आणि डब्यात गेला की बुरशी धरी. आजोबांनी आधी पाणी कमी केलं, मग कुटणं वाढवलं. तेच माप आम्ही धरून आहोत: १ किलो उडदाच्या पिठाला जेमतेम ४०० मिली पाणी, ६० ग्रॅम मीठ, ३० ग्रॅम पापडखार, ४० ग्रॅम जाडसर मिरी, २० ग्रॅम जिरं, थोडा हिंग. मीठ आणि खार पाण्यात उकळायचा, निवू द्यायचा, वरचं पाणी गाळून घ्यायचं. खार जास्त झाला तर पापड भाजताना लाल पडतो आणि साबणासारखा लागतो. कमी पडला तर फुलत नाही.

घट्ट मळलेला गोळा तेलाचा हात लावून कुटायचा. किती, ते घड्याळ सांगत नाही. आजोबा गोळ्याचा तुकडा दोन्ही हातांनी ओढून बघत. तुटला तर पुन्हा उखळात. पांढरट होऊन न तुटता ताणला गेला की दोऱ्याने लाट्या कापायच्या. सुरीला पीठ चिकटतं.

वाळवणीत घाई केली की माल गेलाच. कडक उन्हात कडा आधी सुकून वर वळते, मधला भाग ओला राहतो आणि पाकिटात पापड तडकतो. म्हणून आधी सावली, मग थोडं कोवळं ऊन. पावसाळ्यात आजोबा लाटणं बंदच ठेवत. आता त्या चार महिन्यांत ड्रायर चालतो, पण प्रत्येक ट्रेमधला एक पापड हाताने वाकवून पाहिल्याशिवाय पाकीट बंद होत नाही. किंचित वाकला पाहिजे. कडकन मोडला तर जास्त वाळला, घडी पडली तर परत ट्रेमध्ये.