सतरावा रकाना

खांब खडकात रोवला, रिसीव्हर सुरू झाला, दर ३० सेकंदांनी नोंदी पडू लागल्या. सरकणाऱ्या उतारावर नजर ठेवणारं आमचं जीएनएसएस स्टेशन, म्हणजे उपग्रहांच्या सिग्नलवरून आपली जागा मोजणारं, उभं राहायला आठवडा लागला. मग पाच आठवडे गेले ते साइट लॉगमधल्या एका ओळीपायी.

स्टेशनवर कुठला रिसीव्हर, कुठला अँटेना, त्याची उंची किती, कधी काय बदललं, हे सगळं साइट लॉगमध्ये असतं. तो मंजूर झाल्याशिवाय नोंदी साठवणारं डेटा सेंटर आमच्या फाइली घेईना. तीन वेळा परत आला, तिन्ही वेळा तेच वाक्य: ‘अँटेनाची नोंद जुळत नाही.’ काय जुळत नाही, ते मात्र कुणी लिहीना. मी फोटो पाठवले, सिरियल नंबर पुन्हा वाचला, उंची पुन्हा मोजली. दर उत्तराला दहा-बारा दिवस. तिकडे उतार थांबणार होता का?

शेवटी ती ओळ मोठ्या अक्षरात छापली आणि पेन्सिलीच्या टोकाने एकेक रकाना मोजत गेले. अँटेनाच्या नावाला २० रकाने, म्हणजे एकेका अक्षराच्या जागा, असतात. पहिले १६ मॉडेलचे, शेवटचे ४ वरच्या डोमचे, म्हणजे अँटेनावरच्या झाकणाचे. डोम नसेल तर तिथे ‘NONE’ लिहायचं, तेही सतराव्या रकान्यापासूनच. आमचं सोळाव्यापासून सुरू होत होतं. एक स्पेस कमी! ती घातली आणि चौथ्या दिवशी मंजुरी आली. इतकं हलकं वाटलं, आणि तितकाच रागही आला.

नियम योग्यच आहे. डोम वेगळा धरला तर सिग्नल अँटेनाच्या नेमक्या कुठल्या बिंदूशी पोचला याचा हिशेब चुकतो, आणि ती चूक जास्त करून उंचीत उतरते. आम्ही मिलिमीटर शोधतोय, तिथे हे परवडत नाही. पण ‘सतरावा रकाना पाहा’ एवढं लिहायला किती वेळ लागला असता?

असं स्टेशन उभारणार असाल तर: उपग्रहांच्या अचूक अंतिम कक्षा साधारण दोन आठवड्यांनी मिळतात, तोवरच्या आकड्यांवरून घाबरू नका. पाऊस-उन्हाळ्याबरोबर जमीनही थोडी वर-खाली होते, म्हणून वार्षिक वेग सांगायला किमान अडीच वर्षांच्या नोंदी हव्यात. आणि हो, अँटेना बदललात तर तारीख-वेळ त्याच दिवशी लॉगमध्ये लिहा. नाहीतर आलेखात पायरी दिसेल आणि उतार हलला की अँटेना, हे ओळखता येणार नाही.