वेड वगैरे काही नव्हतं

19 ऑगस्ट, रात्र

आज शाल-श्रीफळ झालं. जागतिक छायाचित्रण दिन म्हणून तालुक्यातल्या फोटोग्राफर पोरांनी मला 'ज्येष्ठ' करून व्यासपीठावर बसवलं. 1839 साली याच तारखेला फ्रान्स सरकारने डागेरोटाइपची, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर फोटो घ्यायच्या पद्धतीची, कृती जगाला खुली केली, हे निवेदकाने व्यवस्थित पाठ केलं होतं. मग तो माझ्याकडे वळला. "सरांना लहानपणापासून कॅमेऱ्याचं वेड!" टाळ्या पडल्या. मी हात जोडले. भर सभेत काय सांगणार, की बाबा रे, विशी उलटेपर्यंत मी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता, आणि लावला तोही दुसऱ्याच्या.

नंतरच्या वक्त्याने रघु राय यांची गोष्ट सांगितली. ती मात्र मला आवडते. शिकून इंजिनिअर झालेला माणूस. थोरले भाऊ एस. पॉल फोटोग्राफर. त्यांच्याकडे असताना हा सहज कॅमेरा घेऊन एका खेड्यात गेला आणि गाढवाच्या पिल्लाचा फोटो काढून आला. भावाने तो लंडनच्या 'टाइम्स'कडे पाठवला, त्यांनी छापला, आणि इंजिनिअरिंग मागे पडलं ते पडलंच. माझ्या वाट्याला गाढव आलं नाही. गिरणी संप आला आणि एक बंद स्टुडिओ आला.

ठरलं असं होतं की मी लालबागला मामांच्या खोलीवर राहायचं आणि त्यांच्या गिरणीत बदली कामगार म्हणून लागायचं. आमच्या चिपळूण-खेडकडच्या पोरांचा तो ठरलेला रस्ता. बाप, काका, मामा, कोणीतरी आधी तिथे असायचंच. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि थोड्याच दिवसांत मामाच पत्र्याची ट्रंक घेऊन आमच्या दारात उभे राहिले. "मिटेल महिन्याभरात," म्हणाले. पुढे किती महिने ते तेच म्हणत होते. मी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड खिशात घालून बाजारपेठेत फिरायचो आणि कंटाळा आला की लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात जाऊन बसायचो. 1864 सालचं वाचनालय ते. पंख्याखाली दिवसभर बसलं तरी कोणी 'ऊठ' म्हणत नसे.

आमची मुंबईची वाट अशी बंद पडली होती, तेव्हा मोहल्ल्यातल्या पोरांची वाट जोरात सुरू होती. कुवेत, दुबई, सौदी. गोवळकोट-कालुस्त्याकडे घरटी एकजण तरी आखातात. शेजारचे एक भाई कुवेतहून रजेवर आले होते, येताना यशिका इलेक्ट्रो 35 कॅमेरा घेऊन आले होते. सोबतचं पुस्तक इंग्रजीत. भाईंना ते वाचायचा कंटाळा, आणि मला नाहीतरी उद्योग नव्हता. त्यांच्या पडवीत बसून मी ते पुस्तक त्यांना मराठीत समजावून सांगितलं: चौकटीत मधे पिवळसर ठिपका दिसतो, त्यातली दोन चित्रं एकावर एक आली की फोकस झाला, लाल बाण पेटला तर उजेड जास्त, पिवळा पेटला तर कमी, हात हलेल. रोल न घालताच. माझं फोटोग्राफीचं शिक्षण म्हणाल तर एवढंच.

एक दिवस भाईंचा पुतण्या धावत आला. पासपोर्टच्या फॉर्मला फोटो हवे, त्यावर साहेबाची सही हवी, आणि साहेब दुसऱ्या दिवसापासून रजेवर. पेठेतल्या स्टुडिओचे मालक सुतकात गावी गेलेले, कॅमेरा कपाटात कुलूपबंद. मागे राहिला होता तो फक्त धुलाई-छपाई करणारा पोरगा. भाई मला म्हणाले, "पुस्तक तू वाचलंस ना? मग काढ."

आता खरी गंमत. रोल छत्तीसचा, फोटो हवा एकाचा. एका फोटोसाठी अख्खा रोल धुवायचा म्हणजे पैसे पाण्यात. म्हणून भाईंनी पडवीतूनच हाक मारली आणि मोहल्ल्यातली ज्याला ज्याला कधी ना कधी पासपोर्ट काढायचा होता ती सगळी पोरं गोळा झाली. चुन्याने रंगवलेल्या भिंतीपुढे एकेकाला स्टुलावर बसवला. पडवीच्या छपराखाली ऊन थेट येत नव्हतं, अंगणातून उलटून येत होतं, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे एकसारखे उजळले. हे मला तेव्हा कळत होतं असं मुळीच नाही. स्टूल सावलीत होतं म्हणून फोटो सावलीत झाले. पुढे स्टुडिओत पांढऱ्या छत्र्या लावून मी तोच उजेड विकत आणला.

धुतल्यावर फोटो बरे निघाले. साहेबाची सही झाली. पुढच्या आठवड्यात कालुस्त्याहून दोघे माझं नाव विचारत आले. स्टुडिओचे मालक परतल्यावर त्यांना हे कळलं आणि त्यांनी डार्करूमचं दार माझ्यासाठी बंद केलं. त्यांच्या जागी मी असतो तर वेगळं काय केलं असतं? पण त्यामुळे मला घरच्या न्हाणीघरात डार्करूम थाटावी लागली, आणि माझ्या मते मी फोटोग्राफर झालो तो तिथे. कॅमेऱ्याचं बटण कोणीही दाबतं.

वाचनालयातल्या पुस्तकातून डी-76 डेव्हलपरची, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणाची, कृती उतरवून घेतली. एक लिटरला मेटॉल 2 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 100 ग्रॅम, हायड्रोक्विनोन 5 ग्रॅम, बोरॅक्स 2 ग्रॅम. दोन ग्रॅम मोजायचे कशावर? वाण्याच्या तागडीवर शक्यच नाही. आळीतल्या सोनाराकडे गेलो. तो आधी घाबरला, विषबिष आहे की काय. मग गुंजा-मासे बाजूला ठेवून त्याने मेटॉल तोलून दिलं. पुढे कित्येक महिने तोच तोलून द्यायचा, पैसे घ्यायचा नाही, फक्त दरवर्षी दिवाळीला दुकानाचा फोटो काढून घ्यायचा.

पुस्तकात तापमान लिहिलेलं 20 अंश. चिपळुणात मे महिन्यात विहिरीचं पाणीसुद्धा तेवढं थंड नसतं. डेव्हलपर गरम झाला की निगेटिव्ह भराभर काळी पडते, फिल्मवरचा थर फुगून मऊ होतो, आणि नंतर एकदम गार पाण्यात घातली की त्याला बारीक जाळीदार भेगा पडतात. उपाय मच्छी मार्केटात सापडला. बांगड्यांवर घालायचा बर्फ घमेल्यात आणायचा, बाटली त्यात उभी करायची. बर्फ आत टाकायचा नाही, द्रावण पातळ होतं. आई म्हणायची, "न्हाणीघराला मासळीचा वास, वरून तुझ्या त्या हायपोचा. माणसाने अंघोळ करायची कुठे?" मामा मात्र रस घेऊन बघायचे. लाल दिव्याखाली ब्रोमाइड पेपरवर चेहरा उमटायला लागला की गिरणीतल्या रंगखात्याच्या गोष्टी सांगायचे. संप मिटला नाही, मामांची गिरणी परत काही त्यांच्यासाठी उघडली नाही. त्यांनी माझे फोटो कापायचं आणि पाकिटात घालायचं काम अंगावर घेतलं. त्यांच्याइतकी सरळ कात्री मी अजून पाहिली नाही.

एवढं झालं तरी मनात होतं ते 'तात्पुरतं' असंच. एस.टी.त कंडक्टरचा कॉल येईल, तलाठ्याची परीक्षा देऊ. दरवेळी त्याआधी कुणाला तरी फोटो हवा असायचा. लग्नं आली. आंबा-काजूच्या वाटण्यांची भांडणं आली, झाडांचे फोटो काढून वकिलाकडे द्यायचे. मग 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ झालं आणि आमच्या भागात बोगदे खणायला लागले.

सावर्ड्याकडे एका ठेकेदाराला दर आठवड्याला काम किती पुढे गेलं त्याचे फोटो हवे होते, पाटीवर तारीख घालून. पहिल्या खेपेला फ्लॅश कॅमेऱ्यावरच ठेवून मारला. प्रिंट बघितली तर बोगद्यात बर्फ पडतोय! सुरुंगाची धूळ हवेत लटकलेली असते, समोरून मारलेला उजेड प्रत्येक कणावर आपटून परत लेन्समध्ये येतो. मग हळूहळू युक्ती जमली. कॅमेरा तिकाटण्यावर, शटर बी वर, म्हणजे हवं तितका वेळ, उघडं, लेन्सपुढे काळी टोपी धरून मदतनीस उभा. मी फ्लॅश घेऊन आत चालत जायचो, कॅमेऱ्याकडे पाठ, फ्लॅश अंगाने झाकलेला, तोंड बाजूच्या कातळाकडे. "टोपी!" ओरडलं की तो टोपी काढायचा, मी फ्लॅश मारायचो, टोपी परत. दहा पावलं पुढे, परत तेच. एका निगेटिव्हवर अख्खा बोगदा उजळायचा आणि धूळ अंधारात राहायची. इंजिनिअर साहेबांनी विचारलं, "हे कुठे शिकलात?" काय सांगणार! या कामावरून पुढे पानवलच्या पुलाचे फोटो काढायलाही नेलं. 64 मीटर उंच खांब ते, खालून बघताना मान दुखते, आणि वरून बघण्याबद्दल मी काही लिहीत नाही. 26 जानेवारी 1998 ला सगळा मार्ग सुरू झाला. ठेकेदाराकडचं शेवटचं बिल मात्र आजतागायत यायचंय.

मधेच मुख्य निवडणूक आयुक्त शेषन साहेबांनी मतदार ओळखपत्राचा धडाका लावला, 1993 ची गोष्ट. त्या कामात मी फार कमावलं नाही, पण एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात बसली आहे. आमच्याकडे कित्येक म्हाताऱ्या बायकांचा जन्मात फोटो निघाला नव्हता. लग्नात सुद्धा नाही. फोटोने आयुष्य कमी होतं म्हणायच्या. ओळखपत्रासाठी त्या पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे बसल्या, पदर सावरून, डोळे वटारून. आणि मग पाच-दहा वर्षांनी त्यांचा मुलगा ते ओळखपत्र घेऊन दुकानात यायचा. "तेराव्याच्या आत मोठा करून द्या, फ्रेमसकट." दुसरा फोटोच नाही. नखाएवढ्या चित्रातून बारा बाय पंधराचा फोटो करायचा म्हणजे निम्मा चेहरा पेन्सिलीने आणि ब्रशने मलाच भरावा लागे. मुलाला विचारत जायचो, "कुंकू आडवं लावायच्या की गोल?" काही मुलांना सांगता यायचं नाही. मग सुनेला बोलवायचं. सुनेला बरोबर माहीत असायचं. या तालुक्यातल्या किती भिंतींवर माझ्या अंदाजाच्या आज्या टांगलेल्या आहेत, देव जाणे.

म्हणून ते 'वेड', ते 'पॅशन' ऐकलं की मला अवघडायला होतं. आजच्या पोरांना ते असेलही, चांगलंच आहे, त्यांचे ड्रोन बघून मीही हरखतो. पण मला या धंद्यात ठेवलं ते लोकांच्या कागदांनी. कुणाला जायचं होतं, कुणाला जमीन सिद्ध करायची होती, कुणाला मेलेल्या आईला दिवा लावायचा होता. माझी आवड नंतर आली. आधी गिऱ्हाईक आलं. आता पासपोर्टवाले आपल्याच खिडकीवर फोटो काढतात, आधारवाले तसेच, ती वाटही संपली. तक्रार नाही. मुलगा विचारतो, बाबा, दुकान का ठेवलंय? उत्तर सोपं आहे, अजून रोज कोणीतरी येतं.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं. संगणक, हार्ड डिस्क, डीव्हीडी, सगळं गेलं. ट्रंकेतल्या जुन्या निगेटिव्ह चिखलात होत्या. लोक म्हणत होते उन्हात वाळवा. तेच करायचं नसतं. एकमेकींना चिकटून वाळल्या की सुटत नाहीत. मी त्या स्वच्छ पाण्याच्या टबात बुडवून ठेवल्या आणि एकेक सोडवून दोरीवर चिमट्याला टांगल्या. ब्लॅक अँड व्हाइट बऱ्याचशा वाचल्या. रंगीत फारशा नाहीत. डिजिटलमधलं एकही लग्न वाचलं नाही, आणि ज्यांची ती लग्नं होती त्यांच्याकडेही अल्बमचा लगदाच झाला होता. त्यातले काही जण अजून रस्त्यात भेटले की विचारतात. मी नाही म्हणतो.

बारा वाजून गेले. उद्या सकाळी सातला पेठेतल्या एका वाड्यावर जायचंय. पूररेषेच्या हरकतीला जोडायला भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचा फोटो हवा आहे, शेजारी मोजपट्टी धरून. मालक दोनदा बजावून गेले, खूण स्पष्ट दिसली पाहिजे. भिंत अजून ओल धरते, सरळ फ्लॅश मारला तर नुसती चकाकी येईल. बाजूने, खालून घ्यावा लागेल. छोटं तिकाटणं दुकानात राहिलंय, वाटेत उचलायला हवं.