स्पायडर रेप्लिका: काटा शेवटी ९२ वर थांबला

मागच्या वेळी लिहिलं होतं की इंजिन बसलं, स्टार्ट झालं, पण गाडी तापतेय. आता कारण सापडलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे असं ज्यांचं ज्यांचं काम चालू आहे त्यांना हे कधी ना कधी भेटणारच.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. बॉडी पोर्शेच्या ५५० स्पायडर या जुन्या रेसिंग गाडीसारखी, फायबरची. मूळ पोर्शे १९५३ ची, १४९८ सीसी, एअर कूल्ड (वाऱ्याने थंड होणारी), त्यामुळे तिच्या नाकात रेडिएटरसाठी जागाच ठेवलेली नाही. मी सीटच्या मागे आडवं बसवलंय मारुती एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन, गिअरबॉक्ससकट, आणि ते पाण्याने थंड होणारं, म्हणून रेडिएटर पुढे नाकात. मधल्या टनेलमधून (गाडीच्या मधोमधच्या पोकळीतून) इंजिन ते रेडिएटर स्टेनलेसचे दोन पाइप पुढे गेलेत, आतून ३२ एमएम, लांबी २.४ मीटर एकेक (देवगडच्या खाऱ्या हवेत साधं लोखंड टाकायची हिंमत झाली नाही). हिशेब करा, नुसत्या पाइपांतच ३.९ लिटर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) जातं.

पहिली चूक केली ती हवा काढताना. नाक वर केलं की हवा पुढून निघून जाईल असं वाटलं, म्हणून पुढच्या चाकांखाली चिरे लावले. पण कूलंटची टाकी मागे इंजिनाजवळ, ती खाली राहिली आणि रेडिएटरचा वरचा भाग कोरडाच. चालू केलं की तापमानाचा काटा आधी खाली यायचा नि मग एकदम उडी मारायचा, कारण सेन्सरपाशी हवेचा फुगा आला की तो पाण्याचं तापमान दाखवतच नाही. हे फार धोक्याचं आहे, काटा खाली दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. बाबा कलमांना पाणी लावून येत होते, बघितलं नि म्हणाले, "अरे, पाटाचा पाणी कधी चढाक जाता? टाकी वर घे." तेच चिरे काढून मागच्या चाकांखाली लावले, रेडिएटरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) सैल केला आणि टाकीत हळूहळू ओतत राहिलो. आधी नुसतं फस्स, मग फेस, मग बुडबुडे, आणि दहाएक मिनिटांनी एकसंध हिरवी धार. इतका आनंद इंजिन पहिल्यांदा स्टार्ट झालं तेव्हाही झाला नव्हता.

तरी अर्धंच काम झालेलं. उभ्या गाडीत ९२ अंश, फॅन लागतोय, बंद होतोय, सगळं व्यवस्थित, पण सड्यावर (कातळाच्या माळावर) आमच्या बागेतल्या रस्त्याला ५०-६० ने पळवली की १०४. उभी असताना थंड आणि पळताना गरम म्हणजे फॅन ठीक, हवा निघालेली, मग वारा जातोय कुठे? बरेच जण म्हणाले मोठा रेडिएटर घे. त्याआधी मी लोकरीचे बोटभर तुकडे रेडिएटरच्या जाळीवर आणि कडेने टेपने चिकटवले, मोबाइल आत बांधला नि एक चक्कर मारली. व्हिडिओत मधले तुकडे नुसते लोंबत होते, आणि कडेचे सगळे बाहेरच्या बाजूला ताणलेले! रेडिएटर आणि बॉडीच्या मध्ये दोन बोटांची फट, सगळा वारा तिथून. शिवाय जाळीतून जो काही आत जायचा त्याला पुढे बाहेर पडायला वाटच नव्हती, नाकात कोंडून बसायचा.

मग ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून तोंडापासून रेडिएटरपर्यंत डक्ट (वाऱ्याची बंद वाट) केला, कडांना फोम रबर, फट शून्य. आणि मागून दोन्ही व्हील आर्चमध्ये (चाकांवरच्या कमानींत) वारा सोडायला भोकं. रंगवलेलं फायबर कापताना जीव खालीवर होत होता, पण त्याला इलाज नाही. रेडिएटर तोच, फॅन तोच. काल भर दुपारी, एप्रिलच्या उकाड्यात, त्याच रस्त्याला सहा चकरा मारल्या, काटा ९२ ते ९४, वर गेलाच नाही.

रजिस्ट्रेशनचं मार्गी लागेपर्यंत गाडी सड्यावरच राहील. टनेलमध्ये एक पाइप हँडब्रेकच्या केबलला घासतोय, तिथे रबरी क्लिपा लावायच्यात, आणि ते मिरगाच्या आधी उरकायचंय.