कॅमेऱ्याकडे वळून विचारलेला प्रश्न

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयाचे ग्रंथालय सांभाळताना मी गेली अनेक वर्षे महिन्यातल्या एका शनिवारी विद्यार्थ्यांना माहितीपट दाखवते. त्यामुळे सहकाऱ्यांपासून मुलांच्या पालकांपर्यंत जो तो मला केव्हा ना केव्हा हेच विचारतो, की तुमचे आवडते माहितीपट कोणते आणि ते इतकी वर्षे मनात का राहिले. आजवर मी दोन-तीन नावे सांगून थांबत आले, आणि दर वेळी उत्तर अपुरे राहिल्याची चुटपूट लागली.

माझ्या लहानपणी माहितीपट हा शब्द आमच्या घरात नव्हता. थिएटरात मुख्य चित्रपटाआधी सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचा जो लहानसा पट दाखवणे बंधनकारक असे, त्याला वडील अनुबोधपट म्हणत. पुढे ग्रंथालयात आल्यावर मी हा शब्द कोशात पाहिला, तेव्हा कळले की संस्कृतात अनुबोध म्हणजे मागाहून येणारे भान, आणि विरून गेलेला सुगंध पुन्हा जागवणे असाही त्याचा एक अर्थ आहे. हा शब्द आपण मागे पडू दिला याचे मला वाईट वाटते, कारण जे पट माझ्यासोबत राहिले ते सगळे मला असेच मागाहून उमगत गेले.

फिल्म्स डिव्हिजनचे पट म्हणजे धरणे, लसीकरण आणि एक भारदस्त आवाज, अशी माझी समजूत होती. ती एस. एन. एस. शास्त्री यांच्या 'आय अॅम ट्वेंटी' या १९६७ सालच्या कृष्णधवल पटाने मोडली. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी जन्मलेल्या आणि आता विशीत आलेल्या तरुणांना त्यात देशाविषयी बोलते केले आहे. कोणी उमेदीने बोलतो, कोणी सावधपणे, आणि एक तरुण शांतपणे सांगतो की आपल्याला या देशाविषयी प्रेम वाटत नाही. सरकारी पैशाने निघालेल्या, स्वातंत्र्याचा विसावा वाढदिवस साजरा करणाऱ्या पटात हे वाक्य ठेवले गेले, याचे मला आजही आश्चर्य वाटते. ते वाक्य संकलनाच्या टेबलावर सहज कापता आले असते. माहितीपट पाहताना काय दाखवले आहे याच्याइतकेच काय कापता आले असते आणि कापले नाही याकडेही लक्ष द्यावे, हे मला तिथे प्रथम जाणवले.

याच कारणाने आनंद पटवर्धन यांचा १९८५ चा 'हमारा शहर' मी सर्वांत आधी सांगते. मुंबईच्या पदपथांवर आणि झोपडपट्ट्यांत राहणाऱ्या, शहर बांधणाऱ्या आणि त्याच शहराकडून उठवल्या जाणाऱ्या माणसांचा हा पट आहे. ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि तरीही रीतसर नोटीस देऊन पदपथावरच्या झोपड्या हटवण्यास मोकळीक दिली, तो निकालही १९८५ चाच. पण माझ्या मनात रुतून बसली आहे ती त्या पटातली एक बाई. तिचे घर तोडले गेले आहे, आणि ती कॅमेऱ्याकडे वळून पटवर्धनांनाच फैलावर घेते. गरिबांची छायाचित्रे काढून तुम्ही नाव कमवाल, पण आमच्यासाठी काय करणार, असा तिचा सवाल आहे. पटवर्धनांनी तो पटात ठेवला.

मी तो पट पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटले होते की हा प्रश्न दिग्दर्शकाला आहे. दुसऱ्यांदा पाहताना, तोही विद्यार्थ्यांच्या मागे शेवटच्या बाकावर बसून, माझ्या ध्यानात आले की ती बाई जिथे पाहते आहे तिथे आता दिग्दर्शक नाही. तिथे आम्ही बसलेलो आहोत.

त्याच पटात विलास घोगरे गातात. मुलुंडच्या वस्तीत राहणारे हे शाहीर कष्टकऱ्यांची कहाणी अशा आवाजात मांडतात, की त्यापुढे निवेदनाची गरजच उरत नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जणांचा जीव गेला. घोगरे यांनी तिथले दृश्य पाहिले आणि चौथ्या दिवशी आपल्याच घरात जीवन संपवले. आयुष्यभर लाल झेंड्याची गाणी गायलेल्या या माणसाने जाताना कपाळाला निळे फडके बांधले होते. ज्याचा आवाज आपल्या पटात आहे तो मित्र असा का गेला, या प्रश्नापासून पटवर्धनांनी पुन्हा चित्रीकरण सुरू केले, आणि 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण व्हायला चौदा वर्षे लागली. तो २०११ मध्ये आला.

तीन तासांहून लांब असलेला हा पट विद्यार्थ्यांना कसा दाखवावा, याची मला धास्ती होती. मी तो दोन शनिवारांत विभागला. मुले कंटाळली नाहीत, कारण त्यात गाणी आहेत, आणि ती त्यांच्या घरची आहेत. चौदा एप्रिलला गल्लीत लागणारी भीमगीते पडद्यावर आल्यावर मागच्या रांगेतली काही मुले हलक्या आवाजात सोबत गाऊ लागली. चौदा वर्षे एखाद्या गोष्टीपाशी थांबल्यावर काय दिसते, ते या पटात कळते. गोळीबाराचा खटला रखडतो, पुढारी बाजू बदलतात, जुने शाहीर थकतात आणि कबीर कला मंच या गाणाऱ्या गटाच्या शीतल साठे यांच्यासारखी नवी मुले गाऊ लागतात. 'हमारा शहर'मधल्या त्या बाईच्या प्रश्नाला या पटाने उत्तर दिले, असे मी म्हणणार नाही. पण प्रश्न ऐकून माणूस निघून गेला नाही, एवढे मला त्यात दिसते, आणि एवढे करणारेही थोडेच असतात.

तसाच एक क्षण मला फार दूरच्या, इंग्लंडमधल्या 'अप' या पटमालिकेत सापडला. ग्रॅनाडा टेलिव्हिजनने १९६४ मध्ये वेगवेगळ्या सामाजिक स्तरांतली सात वर्षांची चौदा मुले निवडून त्यांच्याशी गप्पा मारल्या. पहिल्या भागात संशोधक असलेले मायकेल आपटेड पुढे दर सात वर्षांनी त्यांच्याकडे जात राहिले, ते थेट २०१९ मध्ये ती मुले त्रेसष्टीत पोहोचेपर्यंत. एकेका माणसाचा सात वर्षांचा चेहरा आणि साठीचा चेहरा लागोपाठ पाहताना पोटात कालवते. तरी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो एकोणपन्नासाव्या वर्षीचा भाग, ज्यात त्या मुलांतली एक, जॅकी, आपटेडना सुनावते की आजवर तुम्ही आमच्याविषयीचे तुमचेच मत दाखवत आलात. चौदा मुलांत मुली फक्त चार का घेतल्या, या चुकीची खंत आपटेड यांनीही पुढे उघडपणे बोलून दाखवली. जॅकीचे ते बोलणे गाळले असते तर मालिका अधिक गुळगुळीत झाली असती, पण मग माझ्या मते ती इतकी खरी राहिली नसती.

'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' मला निराळ्या कारणाने प्रिय आहे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या तंबूतल्या टॉकीजवर तो केला. त्यात पडद्याकडे टक लावून बसलेल्या माणसांचे उजळलेले चेहरे आहेत, आणि भंगारात वजनावर विकला जाणारा प्रोजेक्टर आहे. तो पाहून आमच्या महाविद्यालयातले एक वयस्कर शिपाई बराच वेळ त्यांच्या गावच्या जत्रेबद्दल बोलत राहिले.

आता त्या पटाकडे येते, ज्याविषयी मी आजवर बोलायचे टाळले. दीपा भाटिया यांचा 'नीरोज गेस्ट्स' २००९ चा. पत्रकार पी. साईनाथ विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी जातात, आणि कॅमेरा त्यांच्यासोबत जातो. मुंबईतल्या एका फॅशन सप्ताहाचे वार्तांकन करायला ५१२ पत्रकार जमले होते आणि त्या सप्ताहाचा विषय सुती कपडे हा होता, तर तोच कापूस पिकवणारे विमानाने तासाभराच्या अंतरावर जीव देत होते, हे साईनाथ यांनी वारंवार मांडले आहे. पटाचे नाव रोमन इतिहासकार टॅसिटस याच्या वृत्तांताशी जोडलेले आहे. नीरोने आपल्या बागेत रात्री उजेड हवा म्हणून कैद्यांना जाळले, असे टॅसिटस लिहितो. साईनाथ यांना नीरोपेक्षा अधिक अस्वस्थ करतात ते त्या बागेत आलेले पाहुणे. शेजारी माणूस जळत असताना ज्यांच्या हातातला घास थांबला नाही, ते कोण होते?

हा पट मी दाखवला तेव्हा खोलीत साठ-सत्तर मुले होती आणि त्यांतली बहुतेक कापूस पिकवणाऱ्या घरांतली होती. दिवे लावल्यावर बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, हे सगळं आम्हाला माहीत आहे. आमच्याच घरांत घडलंय. हे तुम्ही आम्हाला कशाला दाखवता? जे पाहुणे आहेत त्यांना दाखवा ना." तिच्या आवाजात राग नव्हता. मी काहीतरी बोलले, पण ते उत्तर नव्हते हे तिला आणि मला दोघींनाही कळत होते. कॅमेऱ्याकडे वळलेली ती मुंबईची बाई मला त्या क्षणी आठवली. या वेळी मधे पडदा नव्हता.

त्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला भावाकडे गेले, तेव्हा त्याच्या सोसायटीच्या सभागृहात एका संध्याकाळी हाच पट दाखवला. अठरा माणसे आली. पट संपल्यावर एका निवृत्त गृहस्थांनी विचारले, "यंदा कापसाला क्विंटलमागे काय भाव मिळतोय हो तुमच्याकडे?" त्या कापसाच्या मुलखात मी एकवीस वर्षे राहते, आणि मला तो आकडा सांगता आला नाही. मी त्यांना थांबायला सांगितले आणि तिथूनच त्या मुलीला फोन लावला.