121 पराभव आणि एक लाख डॉलरचा पिचर

बेसबॉलच्या एका मोसमात 121 सामने हरलेल्या संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या पाळीपाळीने होणाऱ्या निवडीत, मिळालेला नंबर होता दहावा. ज्या नियमामुळे हे झालं तो शिकागोच्या दक्षिण भागातल्या लोकांना अजून पचलेला नाही. सुरुवातीला मलाही तो सरळसरळ अन्याय वाटला होता. आता तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सविस्तर सांगण्यासारखं आहे.

संघ शिकागो व्हाइट सॉक्स, मोसम 2024. बेसबॉलमध्ये वर्षाला 162 सामने असतात, त्यातले 41 जिंकले. 1962 मध्ये न्यूयॉर्क मेट्स 120 हरले होते, 1900 नंतरचा तो विक्रम मोडला. जुलै-ऑगस्टमध्ये लागोपाठ 21 सामने गेले. वर्षभरात धावा केल्या 507 आणि दिल्या 813. इथे एक साधा हिशोब करतात: केलेल्या धावांचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज. म्हणजे 2,57,049 भागिले 9,18,018, उत्तर 0.28. त्याला 162 ने गुणा, 45 विजय येतात. प्रत्यक्षात 41. म्हणजे दुर्दैवाच्या खात्यावर फार तर चार सामने टाकता येतील. उरलेलं सगळं संघाच्या यादीचं होतं.

आता तो नियम. 2023 च्या ड्राफ्टपासून पहिले सहा नंबर सोडतीने ठरतात, म्हणजे मुद्दाम हरून पहिला नंबर लाटता येऊ नये. त्यात पोटनियम असा की जे मोठ्या शहरांचे संघ महसूल वाटपात पैसे भरतात, त्यांना लागोपाठ दोन वर्षं सोडतीतला नंबर मिळत नाही. जे पैसे घेतात त्यांना लागोपाठ तीन वर्षं मिळत नाही. सॉक्सना 2024 मध्ये पाचवा नंबर मिळाला होता, त्यावर डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) हेगन स्मिथ घेतला. त्यामुळे 2025 मध्ये सोडत बंद आणि वरच्यात वरचा नंबर दहावा. तिथे शाळेतून थेट आलेला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) बिली कार्लसन घेतला.

ओरड झाली ती याचीच. पण तळाच्या संघाला दोन हक्क असे मिळतात ज्यांना सोडत लागू नाही, आणि ते दोन्ही सॉक्सकडे पूर्ण शाबूत होते. एक वेव्हर, दुसरा रूल फाइव्ह ड्राफ्ट. बुडालेला संघ वर काढायचा तर सुरुवात इथून करावी, स्टार खेळाडूंच्या बोलीपासून नाही, असं माझं ठाम मत आहे.

प्रत्येक संघाच्या दोन याद्या असतात. मैदानावरची 26 जणांची (त्यात पिचर जास्तीत जास्त 13) आणि तिला पोटात घेणारी 40 जणांची. चाळिसातला खेळाडू तीन मोसमांपर्यंत मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पायरीच्या संघांत, खाली-वर पाठवता येतो, त्याला ऑप्शन म्हणतात. ऑप्शन संपले की खाली पाठवण्याआधी त्याला वेव्हरवर ठेवावं लागतं, म्हणजे बाकीच्या 29 संघांपुढे मांडावं लागतं. हात वर करायचा पहिला मान सर्वांत तळाच्या संघाला. दुसऱ्याने टाकलेला, पण अजून 25-26 वर्षांचा असलेला खेळाडू असा जवळपास फुकट मिळतो. त्याच्यासाठी जागा करायची तर आपल्या चाळिसातला एक काढावा लागतो. काढलेल्यासाठी संघाकडे सात दिवस असतात: विका, वेव्हरवर टाका किंवा मोकळा करा. दीर्घ दुखापत असेल तर 60 दिवसांच्या यादीत टाकून जागा मोकळी होते.

चुका इथे होतात. तळाचा संघ चाळिसातल्या शेवटच्या आठ-दहा जागा तिशी ओलांडलेल्या, ऑप्शन संपलेल्या खेळाडूंनी भरतो, कारण उद्याच्या सामन्यात ते थोडे बरे असतात. मग पिचरांची दमछाक झाली की खाली पाठवायला कोणी उरत नाही. एकदा खाली पाठवलेला पिचर, कोणी जखमी झाल्याशिवाय, 15 दिवस परत बोलावता येत नाही. फलंदाजाला 10 दिवस. लागोपाठ दोन सामने लांबले की तिसऱ्या दिवशी थकलेलाच हात पुन्हा पिचरच्या टेकडीवर चढतो आणि नऊपैकी आठव्या इनिंगला सामना जातो.

रूल फाइव्हचं मला मनापासून कौतुक आहे. खेळाडू 18 किंवा त्याहून लहान वयात करारबद्ध झाला असेल तर पाच मोसमांनी, मोठा असेल तर चार मोसमांनी, त्याच्या संघाने त्याला चाळिसात घ्यायलाच हवं. नाही घेतला तर डिसेंबरमध्ये दुसरा कुठलाही संघ एक लाख डॉलर देऊन त्याला उचलू शकतो. श्रीमंत आणि भरलेल्या संघाने गुणी पोराला वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसवून ठेवू नये, एवढीच त्यामागची कल्पना. उचलणाऱ्याला मात्र अट कडक आहे. त्याला पूर्ण मोसम 26 जणांच्या यादीत ठेवायचं, खाली पाठवायचं नाही. जमलं नाही तर वेव्हरवर टाकायचं, आणि तिथेही कोणी घेतलं नाही तर जुन्या संघाला 50 हजार डॉलरला परत द्यायचं. दुखापतीचं निमित्त करून लपवताही येत नाही, किमान 90 दिवस तो खरोखर यादीत असावा लागतो.

जिंकणाऱ्या संघाला हे परवडत नाही. सव्विसातली एक जागा वर्षभर शिकाऊ माणसाला देणं म्हणजे सप्टेंबरमध्ये दोन-तीन सामने गमावण्याचा धोका. 121 हरलेल्या संघाला ते दोन-तीन सामने काय करायचे आहेत? म्हणून हा ड्राफ्ट खऱ्या अर्थाने तळाच्यांचा आहे. रोबेर्तो क्लेमेंतेला 1954 मध्ये पिट्सबर्गने ब्रुकलिनकडून असाच उचलला होता, 4,000 डॉलरला. योहान सांताना 2000 मध्ये मिनेसोटाकडे याच अटीवर बसून होता. त्या वर्षी दर नऊ इनिंगमागे त्याने 6.49 धावा दिल्या, तरी त्यांनी त्याला सोडलं नाही. पुढे 2004 आणि 2006 चा सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याने त्याच संघासाठी घेतला.

डिसेंबर 2024 मध्ये डॅलसला पहिला नंबर सॉक्सचा होता. त्यांनी मिलवॉकीच्या चाळिसाबाहेर राहिलेला शेन स्मिथ घेतला. मूळ ड्राफ्टमध्ये या पोराला कोणीच निवडलं नव्हतं, कोपराची मोठी शस्त्रक्रिया झाली होती, आणि मिलवॉकी त्याला मायनर लीगमध्ये अनेकदा सुरुवातीऐवजी नंतरच्या इनिंगना वापरत होती. सॉक्सनी त्याला पहिल्या चेंडूपासून टाकायला लावलं. नवा चेंजअप (वेगवान वाटून हळू येणारा चेंडू) त्याच्या हातात बसला. त्याची पकड बघण्यासारखी आहे. मधलं बोट चेंडूवर सपाट न ठेवता दुमडून टोकावर उभं करायचं. कॅरम बॉलची आठवण होते, पण बोटाचा झटका नसतो. हात नेहमीच्या वेगाने येतो, ते उभं बोट सुटताना चेंडूचा फिरण्याचा आस आडवा पाडतो आणि चेंडू प्लेटजवळ अचानक खाली बसतो. ज्या पिचरांचं मनगट आतल्या बाजूला सहज वळत नाही त्यांना जुन्या पद्धतीचा चेंजअप जमत नाही, त्यांच्यासाठी ही पकड आहे.

2025 मध्ये स्मिथने 29 सामने सुरू केले, 146 इनिंग टाकल्या, ERA (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) 3.81, आणि जुलैच्या ऑल-स्टार संघात सॉक्सकडून तोच गेला. किंमत एक लाख डॉलर, त्या वेळच्या दराने साधारण 85 लाख रुपये. सेवाकाळ 172 दिवसांचा एक वर्ष असा मोजतात आणि सहा वर्षं भरल्यावरच खेळाडू मोकळा होतो, म्हणून 2030 पर्यंत त्याच्यावर हक्क सॉक्सचा. आता वर्षाची अटही संपली आहे, गरज पडली तर खाली पाठवता येतो.

विक्रीचं तत्त्वही याच घड्याळावर चालतं. खेळाडू मोकळा व्हायला दोन वर्षं असताना विकावा, सहा महिने असताना नाही. सॉक्सच्या पिचर गॅरेट क्रोशेने 2024 मध्ये 146 इनिंगमध्ये 209 फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले, त्याला जुलैत घाईने न देता डिसेंबरमध्ये बॉस्टनला दिला. बदल्यात चार जण आले: कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) काइल टील, ब्रेडन माँटगोमेरी, चेस माइड्रॉथ आणि विकेलमन गोन्झालेस. टील आणि माइड्रॉथ 2025 मध्येच वर येऊन खेळले. कॅचर मागितला हे मला सर्वांत शहाणपणाचं वाटलं. तरुण पिचर घेऊन त्यांच्यापुढे कमकुवत कॅचर बसवला तर पिचर कडेचा चेंडू टाकायला घाबरतो, मधोमध टाकतो आणि मार खातो.

उलट पिचरच्या भरवशावर सगळा सौदा टाकू नये. मार्च 2024 मध्ये पिचर डिलन सीझ सॅन डिएगोला दिला, बदल्यात आलेला मुख्य मोहरा पिचर ड्रू थॉर्प. वर्षभरात त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया आली आणि 2025 चा अख्खा मोसम गेला.

तयार होण्याआधी वर आणणं ही तिसरी चूक, आणि ती या संघाने पूर्वी केली आहे. अँड्रू वॉन 2019 च्या ड्राफ्टमधला तिसरा. पहिल्या बेसचा खेळाडू. डबल-ए आणि ट्रिपल-ए या वरच्या दोन पायऱ्यांवर एकही सामना न खेळता 2021 मध्ये त्याला वर घेतला आणि एलॉय हिमेनेस जखमी म्हणून डाव्या आउटफिल्डमध्ये उभा केला. तो फलंदाजी आणि अनोळखी जागा एकाच वेळी शिकत राहिला. 2025 च्या जूनपर्यंत सरासरी .189 (हजार प्रयत्नांत 189 यशस्वी फटके) झाली तेव्हा मिलवॉकीला दिला. तिथे त्याने .308 मारले. माणूस तोच होता.

कोल्सन माँटगोमेरीच्या बाबतीत मात्र संघ थांबला. 2025 च्या एप्रिलमध्ये शॉर्लटला, म्हणजे ट्रिपल-एमध्ये, त्याची सरासरी .150 च्या आसपास घसरली होती. त्याला सामन्यांतून काढून ॲरिझोनाच्या सराव केंद्रात पाठवलं, काही आठवडे फक्त स्विंगवर काम. जुलैच्या सुरुवातीला तो वर आला आणि 71 सामन्यांत 21 होमरन. लोकांच्या शिव्या खात एका पहिल्या फेरीच्या खेळाडूला सामन्यांबाहेर काढायला धीर लागतो, आणि तो इथे दाखवला गेला.

आपल्याकडचे वाचक म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? 2024 च्या आयपीएलमध्ये मुंबई 14 पैकी 4 जिंकून दहावी आली, जेद्दाहला लिलाव झाला, 120 कोटींची मर्यादा, आणि 2025 मध्ये तोच संघ क्वालिफायर दोनपर्यंत. हे खरं आहे, आणि ते वेगवान आहेही. पण लिलावात तयार माल येतो. तो तयार करणारे हात क्लबांचे, शाळांचे आणि राज्य संघटनांचे असतात. बेसबॉलमध्ये मैदानं, मायनर लीगचे चार थर, प्रशिक्षक, डॉक्टर, सगळं एकाच संघाच्या डोक्यावर. म्हणून इथे वेळ लागतो.

आपल्याकडे अशी धीराची बांधणी होत नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. विदर्भ बघा. 2017-18 मध्ये पहिली रणजी ट्रॉफी, पुढच्या वर्षी दुसरी, 2024-25 मध्ये तिसरी, आणि त्या तिसऱ्या वेळी उपांत्य फेरीत नागपूरला मुंबईला हरवून. अकादमीतून आलेली आपली पोरं, त्यांच्या मधोमध एखादा अनुभवी पाहुणा, पहिल्या दोन वेळी वसीम जाफर, आणि त्या दोन्ही वेळी वर प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांची शिस्त. सॉक्स आज जे करू बघत आहेत त्याची रीत नागपूरला माहीत होती. फरक असला तर नियमांचा. विदर्भातल्या एखाद्या गुणी पोराला कोणी पाच वर्षं राखीव बसवलं, तर त्याला सोडवणारा रूल फाइव्ह आपल्याकडे नाही. तो असायला हवा होता.

सॉक्सचा 2025 चा निकाल 60 विजय, 102 पराभव. सलग तिसऱ्या वर्षी शंभरावर पराभव, म्हणून शिकागोतले पेपर खवळलेच. पण धावांचा फरक उणे 306 वरून शंभराच्या आत आला, आणि वरचाच हिशोब लावला तर संघ सत्तर विजयांच्या लायकीचा होता. उरलेले सामने एका-एका धावेने गेले. ते शेवटच्या दोन इनिंगच्या पिचरांचं दुखणं आहे, आणि बेसबॉलमध्ये सर्वांत शेवटी आणि सर्वांत स्वस्तात दुरुस्त होणारी जागा तीच. म्हणून डिसेंबर 2025 मध्ये आधी फलंदाजावर पैसा टाकला, जपानच्या मुनेताका मुराकामीला दोन वर्षांसाठी 3.4 कोटी डॉलर दिले, ते मला पटलं. 2022 मध्ये तिथे 56 होमरन मारलेला माणूस, चेंडू चुकवतोही बराच. पण करार छोटा आहे. 2022 च्या शेवटी अँड्रू बेनिन्टेंडीला पाच वर्षांचे 7.5 कोटी दिले होते तसा गळ्यात पडणारा नाही.

आणि सोडत. 2026 च्या ड्राफ्टसाठी सॉक्स पुन्हा पात्र होते, चिठ्ठी निघाली आणि पहिला नंबर त्यांचाच आला. पण पोटनियम तोच आहे: 2026 साठी सोडतीतला नंबर मिळाला, म्हणजे 2027 च्या ड्राफ्टमध्ये दहाव्याच्या वर जागा नाही. 2026 चा मोसम हरून या संघाला ड्राफ्टमधला वरचा नंबर मिळणार नाही. जो काही नफा आहे तो जिंकण्यातच.