लेवुका ते लोवोनी: ‘सोपी वाट आहे’ यावर विश्वास ठेवू नका

फिजीतल्या ओवालाउ बेटावर लेवुकाहून डोंगर ओलांडून लोवोनी गावाला जायचा बेत असेल तर आधीच सांगतो, ही वाट सोपी नाही. ज्याने आमची चाल ठरवून दिली त्याने ‘दोन तासांचा फेरफटका, म्हातारी माणसंही जातात’ असं छातीठोकपणे सांगितलं. वाटाड्या, जेवण आणि परतीची गाडी असे एकत्र पैसेही आगाऊ घेतले. आम्हाला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागला, आणि आम्ही चालण्यात कच्चे नव्हतो.

चढ लेवुकाच्या शेवटच्या घरांमागूनच सुरू होतो. तो दमवतो, पण जमतो. खरी परीक्षा धार ओलांडल्यावर. लोवोनी एका विझलेल्या ज्वालामुखीच्या विवरात वसलंय, त्यामुळे पलीकडचा उतार सरळ खाली झेपावतो. वर गच्च जंगल, ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही, माती सदा ओली. पाय ठेवाल तिथे शेवाळलेली मुळं, आणि धरायला हात घालावा तर फांदी कुजकी निघते. पावसात हरिश्चंद्रगडाची नळीची वाट उतरलेल्यांना अंदाज येईल, फक्त इथे कातळाऐवजी चिखल आहे. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर जाऊच नका, ओढेही भरलेले असतात. आणि लाकडी काठी घ्याच, वाटाड्या तोडून देतो.

एवढं सगळं सोसून का जायचं? कारण लेवुकाचा इतिहास या चढावर जितका कळतो तितका खालच्या बीच स्ट्रीटवर कळत नाही. खाली लाकडी दुकानांची जुनी ओळ आहे, चर्च आहे, मॉरिस हेडस्ट्रॉमच्या जुन्या दुकानातलं छोटं संग्रहालय आहे. सगळं नीटनेटकं, 2013 पासून जागतिक वारसा यादीत. सुखाने फिरून होतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

दक्षिणेला थोडं चाललं की नासोवा लागतं. 10 ऑक्टोबर 1874 ला इथेच थाकोम्बाऊ या सगळ्यात बलाढ्य सरदाराने आणि इतर सरदारांनी फिजी ब्रिटिश राणीच्या स्वाधीन केलं. लेवुका ब्रिटिश वसाहतीची राजधानी झालं, आणि पुढच्याच वर्षी गोवराची साथ आली. सिडनीहून परतलेल्या थाकोम्बाऊच्या जहाजातून ती आली, लेवुकाला जमलेल्या सरदारांबरोबर बेटाबेटांत पोचली आणि सुमारे 40,000 माणसं गेली. तरी राजधानी फार दिवस इथे राहिली नाही, 1882 मध्ये कारभार सुवाला गेला. कारण धारेवर उभं राहून खाली पाहिलं की दिसतं: समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये शहर वाढवायला जागाच नाही.

याच डोंगराने लोवोनीकरांना वाचवलंही होतं. त्यांना लढून जिंकता येईना. म्हणून 1871 मध्ये, थाकोम्बाऊ आणि गोऱ्या वसाहतवाल्यांचं सरकार लेवुकात नुकतंच उभं राहिलं असताना, त्यांना समेटासाठी बोलावून पकडलं आणि मळेवाल्यांना मजूर म्हणून विकलं. गावात अजूनही हे सांगतात, आवाज न चढवता. ऐकताना मला फार जड गेलं.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचं पुढे आहे. पहिला कायम गव्हर्नर आर्थर गॉर्डन त्रिनिदाद आणि मॉरिशसमध्ये काम करून आला होता, गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेल्या मजुरांची पद्धत त्याने तिथे पाहिली होती. फिजीयन जमिनीची विक्री त्याने रोखली, गावांचा कारभार सरदारांमार्फतच ठेवला, आणि ऊस पिकवायला भारतातून माणसं आणली. मूळ रहिवाशांना मळ्यांपासून वाचवण्याची किंमत आपल्या लोकांनी मोजली. मे 1879 मध्ये ‘लिओनिडास’ जहाज 463 जणांना घेऊन लेवुकासमोर आलं. जहाजावर कॉलरा आणि देवी होत्या, म्हणून सगळ्यांना जवळच्या यानुथा लाईलाई या चिमुकल्या बेटावर ठेवलं. 1916 पर्यंत असे सुमारे 60,000 लोक आले. लेवुकात कुणाची तरी होडी ठरवून हे बेट जवळून पाहून याच. भाडं निघण्याआधी ठरवा, आणि ते जाऊन-येऊनचं आहे हे दोनदा विचारून घ्या.

आता पैशांचं. परतीच्या गाडीचे म्हणून आमच्याकडून अख्ख्या गाडीचं भाडं घेतलं होतं. प्रत्यक्षात आम्ही गावकऱ्यांबरोबर नेहमीच्याच कॅरिअरमध्ये, म्हणजे बाकडी टाकलेल्या ट्रकमध्ये बसून आलो. बाकीच्यांनी मोजके डॉलर दिले. हे सरळ लुबाडणं आहे. म्हणून वाटाड्या वेगळा ठरवा, गाडीचं नंतर बघा, आणि शेवटचा कॅरिअर कधी सुटतो ते सकाळीच विचारा. चालायचंच नसेल तर त्याच कॅरिअरने लोवोनीला जाऊन या, गावाला भेट तितकीच चांगली होते.

गावात रिकाम्या हाताने जाऊ नका. सुवाच्या बाजारातून यांगोनाची, म्हणजे ज्यांचं कावा हे पेय करतात ती मुळं घ्या आणि प्रमुखापुढे ठेवा. टोपी काढा, गुडघे झाकलेले असू द्या. रविवारी जाणं टाळा. सुवाहून नातोवीपर्यंत बस, तिथून फेरीने ओवालाउवरच्या ‘बुरेसाला’ धक्क्यावर आणि पुन्हा बस, असा प्रवास आहे. फेरीच्या वेळा आदल्या दिवशी पुन्हा विचारा, आणि ठरलेल्या विमानाच्या आदला दिवस मोकळा ठेवा.